पूर्व स्टँड, प्रतीक्षायादी

पूर्व स्टँडच्या खुर्च्या सहाशे बारा.
आणखी चौदा खांबांमागे, त्या आम्ही विकत नाही.
पूर्वी विकायचो.
मग वेंगुर्लेकरांनी अख्खा सीझन
फक्त डावा कॉर्नर बघितला,
आणि मार्चमध्ये ऑफिसात येऊन
आवाज न चढवता पैसे परत मागितले.

यादीत नावं अकराशे सेहेचाळीस.
रजिस्टरची पहिली पानं डिमेलो मास्तरांच्या अक्षरात,
पुढची माझ्या.
वर्षाला वीस-बावीस खुर्च्या सुटतात.
कोणी विरारपलीकडे राहायला जातं, कोणी कॅनडाला,
कोणी कोचवर रागावून.
आणि काही घरी फोन सून उचलते,
क्षणभर थांबते,
मग मीच म्हणते, असू दे.

नियम मी लिहिला होता:
तीन फोन, तीन वेगळ्या दिवशी, त्यातला एक रविवारी.
नाही लागला तर नाव तळाला.
त्या रविवारचा मला फार अभिमान होता.

सातवा नंबर, सादिक मुकादम, घोडपदेव.
नाव लावलं तेव्हा कॉलेजात होता.
तिन्ही वेळा तीच बाई बोलली:
संपर्क क्षेत्राच्या बाहेर.
मी पट्टी ठेवून रेघ मारली
आणि खुर्ची आठव्या नंबरला दिली.
एस्तर पेणकर, नायरमध्ये नर्स.
नाइट करून थेट आली, सुटे पैसे मोजून आणलेले,
खुर्चीवर बसून आधी चपला काढल्या.

नोव्हेंबरात सादिक आला.
बोटीवर इंजिनरूममध्ये असतो.
पुस्तकावर शिक्के: सांतोस, दरबान, पुन्हा सांतोस.
भांडला असता तर मी रजिस्टर पुढे केलं असतं.
तो म्हणाला, नियम आहे ना, मग बरोबर आहे.
मला रात्री जेवण गेलं नाही.

कमिटीत ट्रस्टींचा भाचा म्हणाला,
चिठ्ठ्या काढा, सगळे सारखे.
मी विचारलं, आणि जे सतरा वर्षं थांबले ते?
तो म्हणाला, तेही सारखे.
चहा आला म्हणून विषय राहिला.

नियम बदलला. समुद्रावर, हॉस्पिटलात, तुरुंगात
असलेल्याचं नाव वर्षभर जागेवर राहील.
तुरुंगात कशाला, असं कोणीतरी विचारलं.
फुटबॉल त्यांनाही आवडतो, मी म्हटलं.
पण नवा नियम मागे जात नाही.
एस्तरला उठवायचं कुठल्या तोंडाने?
एकतिसावं नाव माझं आहे, हे कोणाला माहीत नाही.
ते सादिकला देऊन टाकावं असं एकदा वाटलं.
पण मागच्या साली एका आईला मीच सांगितलं होतं,
नंबर मुलाच्या नावावर होत नाही.

मग सादिकच म्हणाला,
खांबामागची द्या.
निम्मा सीझन मी बोटीवर,
उरलेल्या निम्म्यात निम्मं मैदान,
हिशेब बसतो.

हसले. लगेच हो म्हणणार होते.
पण खांबामागची का होईना, खुर्ची ती खुर्ची,
आणि त्याच्या पुढे अकराशे पंचेचाळीस माणसं.

तेव्हा जूनपासून रोज संध्याकाळी
ऑफिस बंद केल्यावर फोन करते, एक नंबरपासून.
खांबामागची चालेल का?
डावा कॉर्नर चांगला दिसतो.
कोणी हसतं, कोणी शिव्या घालतं,
एक आजोबा म्हणाले, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, खांब चालेल.
एकतीसला आले तेव्हा स्वतःलाही विचारलं.
उत्तर अजून दिलेलं नाही, दुसरा फोन बाकी आहे.

सहाशे चाळीसपर्यंत पोचले. नऊ गेल्या.

काल सादिकचा फोन आला, मस्कतजवळून, रेंज होती तेवढ्यात.
किती नंबरपर्यंत आलात, असं विचारलं नाही.
शनिवारचा स्कोर विचारला.
दोन-शून्य, मी म्हटलं.
कोणाचे दोन, ते सांगेपर्यंत
लाइन गेली.